सभ्य माणसाचं मत

चर्चच्या जेवणावळीत घेवडा शिजवतात ते मातीचं भांडं आज गावकचेरीच्या टेबलावर येऊन बसलं होतं. त्यात दोन चिठ्ठ्या पडायच्या होत्या, एक एल्डन थर्लोच्या नावाची आणि दुसरी रॉस्को पेल्कीच्या. कालच्या मतदानात दोघांना अगदी सारखी मतं पडली. पुन्हा मोजली तरी तेच. आता चिठ्ठी काढायची, दुसरा इलाज नाही.

एल्डनला स्वस्थ बसवत नव्हतं. टोपी काढायचा, पुन्हा घालायचा. गुडघा सारखा हलत होता. शेजारी बसलेल्या मार्वानं, त्याच्या बायकोनं, गुडघ्यावर हात दाबला. "लग्नातसुद्धा एवढा घाबरला नव्हतास."

घाबरण्यासारखंच होतं. न्यू हॅम्पशायरमधल्या या डोंगरी गावाचा कारभार तीन पंच बघतात. वरच्या आळीतली आगीच्या बंबाची चौकी ठेवावी असं एकाचं म्हणणं, मोडावी असं दुसऱ्याचं. तिसरा आज ठरणार होता. आपण आलो तर चौकीला कुलूप, हे पेल्कीनं उघड सांगितलेलं. मागच्या हिवाळ्यात एल्डनचा गोठा पेटला तेव्हा बंब त्याच चौकीतून आला. खालून यायचा असता तर गोठा सोडाच, घरही राहिलं नसतं.

मागच्या बाकांवर मात्र वेगळाच खटला चालू होता. डेल्बर्ट क्रेनला सगळे मिळून सोलून काढत होते. वरच्या आळीचा हा बहाद्दर मतदानाच्या दिवशी गोठलेल्या तळ्यावर, बर्फात भोक पाडून मासे धरत बसला. परतला तोवर दारं बंद.

"एका मतानं घोळ केलास की रे," कोणीतरी म्हणालं. "मासा तरी केवढा मिळाला? बंबाएवढा?"

डेल्बर्ट खाली मान घालून बसला. एरवी हा ऐकून घेणाऱ्यातला नव्हे.

मार्वाही मागे वळली. "तुझी आई आमच्याही वर राहते, डेल्बर्ट. तिचं घर पेटलं तर काय माशांनी विझवणार आहेस?"

खरी गोष्ट एल्डनला एकट्यालाच ठाऊक होती. मतपत्रिका हातात आल्यावर त्यानं पेल्कीच्या नावापुढे खूण केली होती. त्याचे वडील दोनदा पंच झाले, दोन्ही वेळा त्यांनी आपलं मत समोरच्याला दिलं. स्वतःच्या नावापुढे खूण करणारा उद्या गावाच्या तिजोरीतही हात घालेल, असं ते म्हणत. एल्डनला ते पटलेलं होतं. शिवाय आपल्या एका मतानं काय होतंय? सभ्यपणा स्वस्तात मिळत होता, त्यानं घेऊन टाकला.

चिटणीस मिसेस ऑर्डवे यांनी चिठ्ठ्यांच्या घड्या घातल्या, भांड्यात टाकल्या आणि भांडं हलवलं. एल्डन उभा राहिला.

"थांबा. डेल्बर्टला सोडा. मी माझं मत पेल्कीला दिलंय."

पेल्कीनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"मीसुद्धा पेल्कीलाच दिलं," पेल्की म्हणाला. चेष्टा नव्हती ती. माणूस खरोखर कोड्यात पडला होता.

"मत गुप्त असतं, एल्डन," मिसेस ऑर्डवे म्हणाल्या. "मी काही ऐकलेलं नाही. खाली बस." तोंड दुसरीकडे वळवून त्यांनी भांड्यात हात घातला.

चिठ्ठी पेल्कीची निघाली.

खुर्च्या सरकल्या, माणसं कोट चढवू लागली. मार्वा जागची हलली नाही. "दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात," ती हळूच म्हणाली. "तू तर दैवाची वाटसुद्धा पाहिली नाहीस."

एल्डनला लाज वाटत होती, आणि ही लाज वडिलांनी शिकवलेल्यातली नव्हती. चौकी तर गेलीच होती.

डेल्बर्ट दोघांसमोर येऊन उभा राहिला. "पुढच्या मार्चमध्ये एक जागा रिकामी होतेय. मी उभा राहतो, आणि मत मलाच देईन. मी किती निर्लज्ज आहे ते गावाला माहीतच आहे."

मार्वानं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"राहा," ती म्हणाली. "त्या दिवशी मासे धरायला एल्डनला पाठवू."