दाबलं का?

कुणाला पटायचं नाही, पण उभ्या जन्मात उस्तादांची गाडी कशाला शिवली नव्हती. परवा फाटकाच्या खांबावर गेली, ती ब्रेकनं दगा दिला म्हणून. पेडल पार तळाला गेलं, तेव्हा त्यांनी नुसत्या हॉर्नवर गाडी आवरली. दुसरा कुणी असता तर खांबासकट घरात शिरला असता. गाडीशेजारी आडवे पडून उस्ताद हे चौथ्यांदा सांगत होते. बायको ड्रायव्हरच्या सीटवर बसून हुंकार भरत होती.

सोमवारपासून नातीला शाळेत सोडायचं होतं. लेकीची एकच अट होती: आधी ब्रेकमधली हवा काढा, मग पोरीला बसवा. उस्तादांनी मागचं डावं चाक उतरवलं, ब्रेकच्या निपलला, म्हणजे हवा काढायच्या तोटीला, नळी लावली, दुसरं टोक खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत सोडलं. बायकोला बजावलं, चपला काढून बस, सांगितलं की दाब, सोड म्हणेपर्यंत सोडू नको, आणि मध्ये अक्कल पाजळू नको.

"दाबलं का?"

"दाबलं."

उस्तादांनी पाना फिरवला. पेडल खाली गेलं का, विचारलं. गेलं की, म्हणाली. बाटलीत मात्र ठणठणाट.

आता पेडल खाली जायचं तर ब्रेकचं ऑइल नळीतून बाहेर यायलाच हवं. गाडी खोटं बोलत नाही, माणसं बोलतात. उस्तादांना आधी दुकानदाराचा संशय आला, त्यानं ऑइलच्या नावाखाली भलतंच काही गळ्यात मारलं असणार. मग शेजाऱ्याचा आला. त्याच्या कुंड्यांचं पाणी वाहत येऊन त्यांची बाही भिजवत होतं, तेही मुद्दामच. सहाव्या खेपेला संशय घरात शिरला. दोन दिवस हिचं एकच पालुपद होतं, पोरगी बसनं जाईल, तुम्ही आराम करा. हिला गाडी नीट व्हायलाच नको होती.

तेवढ्यात पाना हातातून निसटून गाडीखाली गेला. तो चाचपताना उस्तादांची नजर पलीकडे गेली. उघड्या दाराखाली, फरशीवर, दोन पाय शेजारी शेजारी. चोर मुद्देमालासह सापडला.

"दाबलं का गं?" त्यांनी साखर पेरली.

"दाबलंय. आता पोटरी भरून आली."

"दोन्ही पाय बाहेर टेकून बसलीस, आणि पोटरी भरून आली? मला इथनं सगळं दिसतंय."

तिनं दारातून वाकून खाली पाहिलं.

"चपला आहेत त्या, अहो."

उस्तादांनी बाहीवरचं पाणी बोटांत चोळलं. बुळबुळीत लागलं. त्यांनी बाटली उचलली, तर ती काठोकाठ भरलेली होती, हातावर सांडली.

बायको खाली उतरली. चपला पायात सरकवून गाडीला वळसा घालून आली, आणि त्यांच्या उशाशी उकिडवी बसली.

"म्हणजे परवा ब्रेक लागले होते," ती हळूच म्हणाली. "तुम्हाला खांब दिसला नव्हता."