चुन्याचे दोन हात

नाटकाच्या पहिल्या वीस मिनिटांत हम्मादीचं नाव एकदाही आलं नाही, तेव्हा कुठे त्याने कोटाच्या आतल्या खिशावर दाबून धरलेला हात जरा सैल केला.

रंगमंचावर शिराझ नावाची नटी एकटीच होती. ती बेया झाली होती. बेया म्हणजे हम्मादीची बायको, महदिया या बंदरगावची चित्रकार. दीड वर्षापूर्वी झोपेतच गेली, कुणाला काही न सांगता. शिराझ तिच्यासारखी अजिबात दिसत नव्हती. पण ब्रश दातात धरून केस बांधायची लकब तिने कुठून उचलली, देव जाणे.

शेजारी बेयाचा धाकटा भाऊ फेथी भोपळ्याच्या बिया सोलत बसला होता.

"दाजी, तुम्ही कधी येणार?"

"कुठे?"

"नाटकात. ताईचं लग्न झालेलं वाटतच नाही."

"एकपात्री आहे ते. गप्प बस."

"एकपात्री असलं म्हणून काय झालं? शेजारणीचं नाव येऊन गेलं. मांजराचं दोनदा आलं."

मांजराबद्दल हम्मादीची तक्रार नव्हती.

नाटक बेयाच्या चार वह्यांवरून रचलं होतं आणि त्या वह्या हम्मादीनेच शिराझला दिल्या होत्या. बेया फ्रेंच शाळेत शिकलेली. मनातलं काही लिहायचं तर फ्रेंचमध्येच. हम्मादीची शाळा मशिदीतली, अरबी पाटीवरची. फ्रेंचमध्ये त्याला एकच शब्द ओळखता यायचा, स्वतःचं नाव. स्वतःच्या साबणाच्या दुकानाच्या पाटीवर तो ते रोज बघत आला होता. वह्या देण्याआधी जिथे जिथे ते नाव दिसलं, ते ते पान त्याने फाडून घेतलं. एकसष्ट पानं निघाली. फेथीला फ्रेंच येत होतं, पण फेथीला सांगितलेली गोष्ट बंदरावर मासळीच्या आधी पोचायची.

शिवाय वाचून घ्यायची गरजच नव्हती. पानांत काय असणार, हे हम्मादीला ठाऊक होतं.

लग्नाच्या पहिल्या वर्षी बेयाने अंगणाची भिंत रंगवली होती. सात निळ्या होड्या आणि त्यांत बसलेल्या बायका. सहा महिने खपत होती. मग हम्मादीची आई हजहून परतायची वेळ झाली. हाजी येणार त्या घराला चुना लागतोच. आईबरोबर इमामसाहेब येणार होते, आणि होड्यांतल्या बायकांची डोकी उघडी होती. बेया माहेरी गेलेली बघून हम्मादीने त्या भिंतीवर चुन्याचे दोन हात मारले.

बेया परत आली. भिंतीकडे बघत बराच वेळ उभी राहिली. मग कॉफी टाकायला आत गेली. त्या विषयावर ती अडतीस वर्षांत एक शब्द बोलली नाही.

हम्मादीलाही माफी मागायला जमलं नाही. पुढच्या शुक्रवारी नमाजाहून येताना त्याने रंगाची एक नळी आणली. त्याच्या पुढच्या शुक्रवारी आणखी एक. घरात कधी मासे विसरले, कधी पाव विसरला, रंग विसरला नाही.

रंगमंचावर शिराझने मागचा पडदा ओढला. मागे नुसती पांढरी भिंत होती. तिने वहीतली ओळ म्हटली, "आज भिंत पांढरी झाली." मग भिंत चाचपत ती हळूहळू खाली बसली. "इथे सात होड्या होत्या. आता मीच बुडाले."

हे बुडण्याचं वाक्य बेयाचं नसणार. ती असलं बोलणारी नव्हती. पण निम्म्या सभागृहाने रुमाल काढले. फेथीच्या बिया थांबल्या. हम्मादीने चष्मा काढला तो परत घातलाच नाही.

नाटक संपल्यावर दोघे रंगमंचामागच्या खोलीत गेले. वडीलधाऱ्यांना मान देतात तसं शिराझने हम्मादीच्या खांद्याचं चुंबन घेतलं.

"काका, रागावला नाहीत ना? चारही वह्यांत तुम्हाला शोधलं. एक ओळ नाही. ती भिंतीची ओळसुद्धा पानाच्या अगदी तळाला, आणि पुढे काहीच नाही. त्या गप्प बसण्यातच मला नाटक सापडलं."

"ती गप्प नव्हती, पोरी." हम्मादीने खिशातून पानांची जुडी काढली. "ही पानं मी फाडली. भिंत पांढरी करणारा मीच. तक्रार करायचा हक्क होता तिचा, तोही मी खिशात घालून फिरतोय. उद्यापासून हे नाटकात घाल. लोकांना कळू दे."

"दाजी," फेथी म्हणाला. हातातल्या बिया त्याने न सोलताच खिशात टाकल्या. असं प्रथमच झालं.

शिराझने तारखा बघत पानं चाळली. एकावर थांबली. मनात वाचलं, परत वाचलं.

"काका, बसता का जरा?"

"उभ्यानेच ऐकतो. चुना उभ्यानेच मारला होता."

शिराझ अरबीत करून वाचू लागली. "'सुटले बाई. होड्या वांग्यासारख्या आल्या होत्या, आणि पुसून टाकायचा मला धीर होत नव्हता. हम्मादीला वाटतंय मी रागावलेय. आज शुक्रवार. न बोलता रंगाची नळी ओट्यावर ठेवून गेला. आता खरं सांगितलं तर बिचारा ओशाळेल, आणि रंगही बंद होतील. म्हातारे झालो की सांगेन. पोट धरून हसेल.'"