खड्ड्याची राखण

रोलर अगदी अंगाशी येऊन थांबला, तेव्हा कुठे बोसिबोरीला कळलं, की मघापासून आपण ओरडतो आहोत. तिनं तोंड मिटलं. घोटाभर गढूळ पाण्यात, खड्ड्याच्या मधोमध ती अनवाणी उभी होती. लोखंडी चाक तिच्या छातीला लागेल इतकं जवळ होतं.

चालक इंजिन बंद करून खाली उतरला. माझ्याच्यानं हे व्हायचं नाही, असं मुकादमाला सांगून तो केळीच्या सावलीत जाऊन बसला.

याच खड्ड्यात तिच्या नवऱ्याची, मोगाकाची मोटारसायकल आदळली होती. पावसाचं पाणी भरलेलं, त्याला खोली कळली नाही. तेव्हापासून तो खाटेवर होता. खुब्याचं दुसरं ऑपरेशन कोर्टातून भरपाई मिळाली तरच होणार होतं. आणि काउंटीनं, म्हणजे रस्ते सांभाळणाऱ्या जिल्ह्याच्या सरकारनं, कोर्टाला लिहून दिलं होतं, की त्या वळणावर खड्डा नव्हताच, बोसिबोरीच्या वकिलानं जोडलेले फोटो दुसऱ्या कुठल्या रस्त्याचे आहेत. मग मॅजिस्ट्रेट म्हणाले, सोमवारी माझा माणूस जाऊन बघून येईल.

ज्या रस्त्याला वर्षानुवर्षं घमेलंभर खडी मिळाली नव्हती, तिथं आज शनिवारी, गावाच्या उपासनेच्या वारी, सगळं गाव चर्चमध्ये असताना, डांबराची गाडी आली. नवऱ्याला पेज भरवता भरवता बोसिबोरीनं रोलरची घरघर ऐकली आणि वाटी तशीच टाकून ती धावली.

"बाई, सरकारी कामात आडवं येऊ नये," मुकादम म्हणाला. त्यानं आवाज जरासुद्धा चढवला नाही. खिशातून फोन काढला आणि पाठ वळवून बोलला, "हो, तीच. मोगाकाची बायको."

 बोसिबोरीनं त्याला नाव सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात चर्च सुटलं. पांढऱ्याशुभ्र कपड्यांतली माणसं उतारावरून येताना दिसली आणि तिला हायसं वाटलं. आली आपली माणसं. पण त्यांचं लक्ष आधी डांबराच्या गाडीकडे गेलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारी केमुन्टो तर गाडीला हात लावून पाहू लागली, दुभत्या गाईला लावावा तसा. मग हळूहळू सगळ्यांना उमगलं, काम कुणापायी अडलंय ते.

बोसिबोरी विनवू लागली. एवढा सोमवार जाऊ दे, मग हवं तर मी स्वतः खडी वाहीन. कुणीतरी म्हणालं, सोमवारी ही गाडी दुसऱ्याच्या रस्त्यावर असेल. तेही खरंच होतं. माणसं जवळ सरकली. मागून एक हात तिच्या दंडावर पडला, तो तिनं झटकला, तर दुसरा पडला. रोलरपुढे ती इतकी घाबरली नव्हती.

केमुन्टोनं सगळ्यांना मागे सारलं.

"माझी सून याच रस्त्यावर बाळंत झाली, पोरी. गाडीवाला इथवर यायला तयार झाला नाही. बाळ राहिलं नाही. कंदील तूच धरला होतास."

  बोसिबोरीनं गर्दीवरून नजर फिरवली आणि तिला ओन्सोंगो दिसला. नाक्यावरून भाड्यानं माणसं नेणारा मोटारसायकलवाला. चर्चसाठी टाय लावून आलेला, गर्दीच्या मागे आपल्या गाडीला टेकून उभा. त्या दिवशी मोगाकाला फळीवर बांधून त्यानंच दवाखान्यात नेलं होतं. त्यानंतर मात्र त्यानं त्यांच्या गल्लीतून येणं-जाणं सोडलं होतं.

"ओन्सोंगो, तू त्यांना इथूनच उचललंस ना?"

त्यानं मुकादमाकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे.

"इथूनच, वहिनी."

"कोर्टात सांगशील?"

 नाक्यावरच्या गाड्यांचे परवाने काउंटीच्या कचेरीतून येतात, हे तिथं कुणाला सांगायला नको होतं. तिथून एक शब्द आला, की गाडी जप्त. ओन्सोंगोचं सगळं घर त्या गाडीवर चालायचं.

तो गर्दीतून वाट काढत पुढे आला आणि त्यानं हात पुढे केला.

"वर ये. बुजवू दे त्यांना. मी सांगेन."

तिचा विश्वास बसला नाही. असं बोललेली माणसं ऐनवेळी कुठे जातात, ते तिनं पाहिलं होतं. पण केमुन्टो डोक्याच्या रुमालानं डोळे पुसत होती. बोसिबोरीनं त्याचा हात धरला आणि ती वर आली.

मजुरांनी पाणी उपसलं, खडी ओतली, डांबर ओतलं. ओल्या मातीतून वाफ उठली. रोलर पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. थोड्या वेळानं तिलासुद्धा सांगता आलं नसतं, खड्डा नेमका कुठे होता.  हे मी काय करून बसले?

मुकादम ओन्सोंगोजवळ गेला. हसतमुखानं त्याचं नाव विचारलं. ओन्सोंगोनं सांगितलं. मुकादम त्याच्या मोटारसायकलीच्या मागे जाऊन वाकला आणि त्यानं पाटीवरचा नंबर मोठ्यानं वाचला. मग पुन्हा एकदा, सावकाश, पाठ करावा तसा. सीटवर हलकेच थाप मारून तो डांबराच्या गाडीकडे निघाला.

नाक्यावरचे बाकीचे मोटारसायकलवाले ओन्सोंगोपासून जरा दूर सरकले. तो किक मारत होता, पण पाय सारखा निसटत होता. शेवटी त्यानं किक मारणं सोडलं.

"कोर्टाचा माणूस सोमवारी किती वाजता येणार, वहिनी?"

बोसिबोरी त्याच्या शेजारीच उभी होती. त्याचा आवाज कापत होता, तरी डांबराच्या गाडीपर्यंत पोचला. पायरीवर एक पाय ठेवलेला मुकादम तसाच थांबला.