यांची गोळी

शिंपीकाकांची पाठ भाजल्यासारखी लाल झाली होती. तंत्रज्ञ बाईंचा हात लागताच ते कळवळले.

सोरायसिससाठी अतिनील किरणांचा उपचार सुरू झाल्यापासून असे प्रथमच घडत होते. मात्रा वाढवलेली नव्हती. बाईंनी किरणांची तीव्रता मोजली. ती बरोबर होती. त्याच यंत्रातून बाहेर पडलेले इतर रुग्ण ठणठणीत होते. बाई चक्रावल्या.

काही औषधांमुळे त्वचा प्रकाशाला हळवी होते, हे त्यांनी पुन्हा समजावले आणि नवी गोळी सुरू आहे का, असे विचारले. काका भिंतीकडे पाहत राहिले. आठवत नाही, म्हणाले.

"यांना काय विचारता?" सोबत आलेल्या काकू हसल्या. "विसरण्यात यांचा हात धरणारं कोणी नाही."

घर आपल्याच शिरावर आहे, असे त्या अभिमानाने सांगू लागल्या. दाराचे कुलूप, गॅसची शेगडी, यांची गोळी. पायांना सूज येते म्हणून डॉक्टरांनी हल्लीच ती दिली. चहाआधी आपण स्वतः यांच्या हातावर ठेवतो. काकांनी मान डोलावली.

धागा सापडला. सूज उतरवणाऱ्या काही गोळ्यांनी असे होऊ शकते, हे बाईंना माहीत होते. काकू पाण्याची बाटली भरायला बाहेर गेल्या, तेव्हा बाईंनी काकांना सांगितले की आज किरण द्यायचे नाहीत. डॉक्टरांना विचारून गोळी बदलू, नाहीतर उपचारच थांबवावा लागेल.

तळहातांच्या भेगा भरल्या नाहीत तर कात्री धरता येणार नाही, हे काका जाणून होते.

"किरण बंद करा," ते म्हणाले. "गोळीला हात लावू नका."

"काका, मग दुकान कोण चालवणार?"

बाईंना काही उमजेना. त्यांनी खाली वाकून काकांच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला नाही.

"तुमच्या पायांना तर सूजच नाही."

काकांनी दाराकडे पाहून आवाज उतरवला.

"सूज तिला आहे. गोळीही तिचीच. मी आधी गिळली, की मला सोबत म्हणून ती एक घेते. एरवी तोंडात घालत नाही."

बाईंनीही दाराकडे पाहिले.

"विसरते ती, बाई. मी नाही."