जयवंतची चौकशी

पाहुण्यांनी खुर्ची दारातच ओढून घेतली, त्यामुळे शामरावांना उठून जायची सोय उरली नाही. पाठीमागे लाकडी फळीची भिंत होती आणि फळीपलीकडे शेजारच्या सुंदराबाई उलथनं घेऊन उभ्या होत्या.

लालबागच्या त्या चाळीत सुंदराबाईंच्या जयवंतचं लग्न आजवर दोनदा मोडलं होतं. दोन्ही वेळा शामरावांमुळे. मुलीकडचे लोक शेजारी म्हणून त्यांच्याकडे चौकशीला येत आणि शामराव त्यांना जयवंतचे मुष्टियुद्धातले ठोसे करून दाखवत. दुसऱ्या वेळी मुलीच्या मामाचा चष्मा फुटला होता. आज गिरगावातून तिसऱ्या मुलीचे, कालिंदीचे, वडील यायचे होते. सुंदराबाईंनी सकाळीच बजावलं होतं, "भावोजीनु, ह्या टायमाक ठोशाचा नाव काढलात तर माझ्या दारात पाय ठेव नकात."

मोर्च्यामुळे ट्राम बंद होत्या. पाहुणे घामाघूम होऊन पायीच आले. नाव त्यांनी सांगितलं नाही, शामरावांनी विचारलं नाही. असल्या चौकशीत ते विचारायचं नसतं. गृहस्थांचं नाक मात्र एका बाजूला चांगलंच वाकलं होतं. मुलगी आईवर गेलेली असू दे, अशी शामरावांनी मनोमन प्रार्थना केली.

"जयवंतच्या साऱ्या लढती तुम्ही पाहिल्यात, असं खाली सगळे सांगतात," म्हणत पाहुण्यांनी डायरी उघडली.

शामरावांचं खरं मत नऊ वर्षांत पिकलेलं होतं. जयवंतसारखा हेवीवेट गिरणगावात झाला नाही. शनिवारी दादरच्या त्या दांडग्याला त्याने दुसऱ्याच फेरीत बरगडीखाली उजवा आणि हनुवटीवर डावा असा काही दिला, की पंचांचे दहा आकडे मोजून झाले तरी गडी उठेना. चौघांनी उचलून नेला. अजून पाच वर्षं तरी देशात याच्यापुढे कोणी टिकणार नव्हतं. एकदा बोटीत बसवून पाठवला, तर साहेबाच्या देशात जाऊन साहेबाला आडवा करून आला असता. हे सगळं शामरावांच्या घशाशी आलं.

फळीवर उलथनं वाजलं.

"मुंगी मारत नाही हो तो," शामराव म्हणाले.

पाहुण्यांनी वर पाहिलं. मग शनिवारचा तो गडी पडला कसा, असं त्यांनी विचारलं. रस्ते अडल्यामुळे ती लढत त्यांना गाठता आली नव्हती.

"एकादशी होती. गड्याच्या पोटात काही नव्हतं, चक्कर आली. जयवंतने उलट त्याला पाणी पाजलं."

हे लिहून घेतलं गेलं. मग पाहुण्यांनी वजन विचारलं, दात विचारले, खोकला विचारला, दारूचं विचारलं. असा बारकाईचा सासरा मिळायला नशीब लागतं, असं शामरावांना वाटलं. रागीट आहे का? छे. कोणी दोन लगावल्या तर? हात जोडतो.

खाली रस्त्यावर 'झालाच पाहिजे' दुमदुमलं. शामरावांच्या मुठी आपोआप वळल्या. त्यांनी त्या मांडीखाली सारल्या.

"घरापासून लांब राहायची वेळ आली तर?"

"आईशिवाय राहतोय कुठला. दादर ओलांडलं की डोळ्यांत पाणी."

"आणि हा खेळ? अजून किती वर्षं?"

एवढं एक खोटं बोलायचं नाही, असं शामरावांनी ठरवलं होतं. उलथनं दोनदा वाजलं.

"चैत्रापर्यंत," ते म्हणाले. "मग हातमोजे कोनाड्यात. मनातून त्याला शिसारीच आहे त्या खेळाची."

बोलताना त्यांचे डोळे भरून आले. पाहुण्यांना तो खरेपणा वाटला असावा. त्यांनी डायरी मिटली.

सुंदराबाई शिऱ्याची बशी घेऊन आल्या. पाहुण्यांनी एक घास खाल्ला आणि शामरावांचा हात हातात धरला. आपल्या माणसाबद्दल इतकं खरं बोलणारं हल्ली कोणी भेटत नाही, म्हणाले. सुंदराबाईंनी शामरावांकडे नऊ वर्षांत प्रथमच मायेने पाहिलं.

शामराव त्यांना जिन्यापर्यंत पोचवायला गेले. पहिल्या पायरीवर पाहुणे थांबले.

"मी येऊन गेल्याचं जयवंतला सांगू नका, उगीच जिवाला लागेल," ते हळूच म्हणाले. "परदेशी जाणाऱ्या संघात हेवीवेटची एक जागा त्याच्यासाठी अडवून धरली होती, ती आता सोडतो."