काचेची डबी

प्रेमलाताई वरच्या खोलीतल्या भाडेकरूला, जशपूरच्या फुलजेन्सिया नर्सला, वांग्याची भाजी द्यायला गेल्या. येशूच्या तसबिरीपुढे मेणबत्ती आणि इवलीशी काचेची डबी होती. कुंकू असेल म्हणून त्यांनी डबी उचलली.

"संत की हड्डी है, दीदी. छोटा-सा कण."

प्रेमलाताई डबीसकट मागे सरकल्या. "हाड? माह्या घरात? मले सांगितलं काहून नाही वं? गेलेल्या माणसाचं सगळं पाण्यात सोडून द्यावं लागते, नाही तर तो अडकून राहते! उद्याच खोली खाली कर!"

"अटकेंगे क्यों, दीदी? वो तो स्वर्ग में हैं. हम बस प्यार से पास रखते हैं." फुलजेन्सियाने डबी अलगद काढून घेतली आणि कपाळाला लावली.

प्रेमलाताई कठडा धरत खाली आल्या.

पाचच मिनिटांत त्या परत वर गेल्या. राजिमच्या संगमावर नवऱ्याच्या अस्थी सोडताना मुठीत दाबून धरलेला आणि तीन वर्षं तुरीच्या डाळीच्या डब्यात लपवलेला तुकडा त्यांनी तिच्यापुढे धरला.

"नक्की ना वं पोरी? अडकत नाही ना?"