काचेसारखं पाणी

भाईंदरच्या त्या नव्या बिल्डिंगला नळाचं पाणी एक दिवसाआड यायचं, म्हणून अंघोळीला, धुण्याभांड्याला आवारातली जुनी विहीर. एकदा वैजयंताच्या बादलीत दोन बारके मासे आले आणि तिनं अख्खी बादली ओतून दिली. तिची दोन वर्षांची साक्षी याच पाण्यानं अंघोळ करायची! मासे म्हणजे त्यांची घाण आलीच. तिनं बाजारातून ब्लीचिंग पावडर आणली आणि हात आखडता न घेता विहिरीत ओतली. सकाळी सगळे मासे पोटं वर करून तरंगत होते. वॉचमननं ते जाळीनं काढून खाडीकडे फेकले.

"पानी तो एकदम काच जैसा हो गया, भाभी!" वरच्या मजल्यावरच्या हंसाबेन म्हणाल्या.

महिन्याभरानं साक्षी थंडीतापानं कुडकुडायला लागली. रक्त तपासलं, तर मलेरिया. पाठोपाठ हंसाबेनच्या नातवाला, मग आणखी दोघांना.

महापालिकेचे मलेरियावाले काका आले, ते थेट विहिरीवर वाकले. "अळ्या वळवळतायत नुसत्या! डासांच्या अळ्या खायला आम्ही यात गप्पी मासे सोडले होते. ते कुठं गेले?"

हंसाबेननी वैजयंताकडे पाहिलं.

"घाबरून कोणीतरी पावडर टाकली असणार," काका म्हणाले. "दुसरे मासे आणून सोडतो." मग साक्षीला कडेवर घेतलेल्या वैजयंताकडे वळून म्हणाले, "ताई, तुम्ही शिकलेल्या दिसता. या बाकीच्यांना जरा समजावून सांगा."